आडव्या हाताची फेक



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई किंवा कायदा यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. या वर्षी चिटणिसांनी मला आवडीच्या विषयावर बोलण्याची मुभा दिली, म्हणून मी एका खेळातली एकच फेक निवडली आहे. विषय लहान आहे खरा. पण ज्याने तीस वर्षे हातावर पोट असणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली, त्याला हात शिकतो कसा आणि मोडतो कसा, हा प्रश्न लहान वाटत नाही.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. माझी मुलगी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असते; तिच्याकडे गेलो असता तो मी पाहिला आणि शिकलो. काठी-चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी घ्यायची आणि झाडांमधून वाट काढीत ती कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने १९७५ साली लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. टोपलीचे पेटंट त्याला १९७७ साली मिळाले. सुदर्शनचक्राची आठवण काहींना होईल. परंतु ते परत येत असे, ही तबकडी आणायला आपणच चालत जावे लागते. मला विशेष भावले ते हे की, यातली पुष्कळ मैदाने सार्वजनिक बागांत आहेत आणि तिथे खेळायला पैसे पडत नाहीत. साहेबी गोल्फाच्या कुंपणाबाहेर उभे राहून चेंडू शोधून देणाऱ्या पोरांची जात आपल्याला ठाऊक आहे. इथे ते कुंपणच नाही.

तबकडी दोन तऱ्हांनी फेकतात. पहिली, पत्ते वाटावेत तशी छातीवरून. तिला बॅकहँड म्हणतात. दुसरी साइडआर्म, म्हणजे आडव्या हाताची. नदीच्या डोहावर चपटा दगड मारून त्याला पाण्यावरून उड्या घ्यायला ज्याने लावले आहे, त्याचा हात ही फेक निम्मी शिकलेलाच आहे.

दोन तऱ्हा कशाला? तर तबकडी ही आडवा उडणारा भोवराच. हवा तिच्या पुढच्या कडेला वर रेटते, पण फिरत्या वस्तूवर तो रेटा पाव फेरा पुढे सरकून उमटतो. त्यामुळे वेग मंदावला की तबकडी सरळ न पडता एका अंगाला कलते. उजव्या हाताची बॅकहँड फेक शेवटी डावीकडे वळते. साइडआर्मची फिरकी उलटी, म्हणून ती उजवीकडे. वाटेत झाड कुठल्या अंगाला आहे, हे काही आपल्या हातात नसते.

आता फेक. मधल्या बोटाचा पेर तबकडीच्या आतल्या कडेला घट्ट लावावा, तर्जनी त्याला टेकवून किंवा थोडी फाकवून ठेवावी, अंगठा वर. तळहात आकाशाकडे. कोपर कमरेजवळ. कोपर आधी पुढे येते, मग त्यामागून हात आणि सर्वांत शेवटी मनगट. ओल्या बोटांचे पाणी झटकावे तसा झटका. फिरकी येते ती त्या झटक्यातून, आणि फिरकी नसलेल्या तबकडीची गत मंदावलेल्या भोवऱ्यासारखी: ती डोलते, लटपटते आणि जवळच पडते.

नवशिक्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे सुटताना हात पालथा घालणे. तळहात जमिनीकडे वळला की तबकडीची उजवी कड वर उचलते आणि ती डावीकडे कोलमडते. दुसरा दोष, लटपट दिसली की तो आणखी जोर लावतो. जोराने लटपट वाढते, कारण हाताचा रेटा तबकडीच्या पातळीत नसतो. वाकड्या रेट्याला बळ दिले म्हणून तो सरळ होत नाही. दुकानदार अशा वेळी जड कडेची, वेगवान तबकडी पुढे करतात. ती हवेत स्वतःला सावरून घेते आणि हाताचा दोष झाकून टाकते. मी म्हणतो, नवशिक्याने हळू उडणारी साधी तबकडी घ्यावी, जी टोपलीजवळच्या फेकीसाठी वापरतात. तिच्यात खोट लगेच दिसते. वीस पावलांवर उभे राहावे, निम्म्या जोराने फेकावे, आणि ती थरथर न करता जाऊ लागेपर्यंत एकविसाव्या पावलाचे नाव काढू नये.

इतका आग्रह धरतो याला कारण कोपर आहे. आडव्या फेकीत कोपराच्या आतल्या अंगावर ताण येतो; बेसबॉलमध्येही ताण तिथेच. टॉमी जॉन नावाच्या गोलंदाजाचा तिथला अस्थिबंध तुटला. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून या कोपरात बसवली, आणि १९७६ मध्ये तो पुन्हा खेळू लागला. त्याच्यामागे संघ होता, पैसा होता, जगातला उत्तम शल्यविशारद होता. यंत्रमागावर कांडी बदलता बदलता ज्याचे मनगट गेले, त्याच्यामागे कोण असते? त्याला मालक सांगतो, काम जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. मी अशी माणसे बघितली आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही आपला वेग ठरवण्याचा अधिकार नव्हता. तो यंत्र ठरवीत होते आणि दर नगावर मिळणारी मजुरी ठरवीत होती. खेळात हा अधिकार पूर्णपणे आपला असतो. तरीही जवान पोरे पहिल्याच दिवशी शंभर-शंभर फेकी करतात आणि संध्याकाळी कोपराला तेल चोळत बसतात, तेव्हा मला खरोखर नवल वाटते. सुरुवातीला दिवसाला पंचवीस-तीस फेकी पुष्कळ झाल्या. आतल्या अंगाला दुखू लागले की तबकडी खाली ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीही दुखले तर उचलूच नये.

मी दोन तबकड्या बरोबर आणल्या आहेत. उद्या सकाळी सहा वाजता शाळेमागच्या पटांगणावर ज्यांना यायचे त्यांनी यावे. भगिनींनीही यावे, कारण या फेकीत दंडाच्या बळापेक्षा मनगटाच्या वेळेला जास्त किंमत आहे. आधी सगळे वीस पावलांवरून फेकतील. ज्यांना लांब फेकायची घाई असेल, त्यांनी कृपा करून रांगेत शेवटी उभे राहावे.