मापात बसवलेली बार्शी लाइट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून दहा जणांनी विचारलं. सगळ्यांना एकदम सांगतो : आगगाडीशी खेळतो. हसा, बायकोही हसते.

वर्गाच्या खिडकीतून आपल्याला कुर्डुवाडी स्टेशनवरचा धूर दिसायचा. एकीकडे मुंबई-मद्रासची ब्रॉडगेज, दुसरीकडे १८९७ साली सुरू झालेली आपली बार्शी लाइट. तिच्या रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. माझे वडील त्या गाडीचे पॉइंट्समन. आता तिथंही ब्रॉडगेज आली. ती छोटी गाडी घरात पुन्हा चालवावी, एवढंच मनात होतं.

पुण्यातला फ्लॅट दोन खोल्यांचा. म्हणून मी आधी जागा मोजली आणि तिथंच चुकलो. एन स्केल घेतलं, म्हणजे सगळं खऱ्याच्या १६० पट लहान. दोन फूट रुंद फळीवर गाडी गोल फिरते. सहा महिने खपून स्टेशन केलं. फलाटावर वडील उभे केले, एक सेंटिमीटर उंचीचे. हातातली हिरवी झेंडी रंगवायला गेलो, तर नजर पुरेना आणि हात थरथरला. नातीनं विचारलं, "आजोबा, यातले पणजोबा कुठले?" मलाच दाखवता येईना.

मग कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलो. तिथलं माप एचओ, म्हणजे ८७ पट लहान. त्यात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, झेंडी दिसते. पण एचओच्या नेहमीच्या गाडीला पूर्ण वळायला चार फूट रुंद टेबल लागतं. म्हणजे खोलीत पलंग तरी राहील, नाहीतर गाडी!

त्या रात्री सरांनी शिकवलेलं गणित कामी आलं. मॉडेलचं माप वेगळं आणि रुळांतलं अंतर वेगळं, हे मी विसरलो होतो. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. आणि एनचे रूळ असतात ९ मिलिमीटरचे! म्हणजे रूळ तेच ठेवायचे, वर गाडी मात्र एचओच्या मापाची. युरोपात छोट्या गाड्यांची मॉडेलं करणारे हेच करतात. नॅरोगेजची गाडी मुळातच आखूड वळणाची, त्यामुळे जुन्या फळीवरच काम भागलं.

ब्रॉडगेजचं मात्र जमलं नाही. आपले १६७६ मिलिमीटर भागिले ८७ केले, तर सव्वाएकोणीस येतात. बाजारातला एचओचा रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाचं माप धरतो. म्हणून मुंबईची गाडी फलाटामागं नुसती उभी केली आहे. तिचे रूळ दिसत नाहीत.

कुणाला हा नाद लागलाच, तर आधी टेप काढू नका. आधी डोळे मिटा आणि आपल्याला नेमकं काय बघायचंय ते ठरवा. मला गाडीपेक्षा झेंडी बघायची होती, हे कळायला सहा महिने गेले.

आता नात पणजोबांना बरोबर ओळखते. पण फलाट अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणाकडे त्या जुन्या स्टेशनचा फोटो असेल, त्यात तुमचे वडील, काका, कुणी उभे असतील, तर मला द्या. दोन सेंटिमीटर जागा प्रत्येकासाठी आहे.