गाणं अडलं की मोबाईल काय करतो, आणि काय करत नाही

हेडफोन लावले असतील तर उत्तम. नसतील तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आज मी मध्येच दोन ओळी गाऊन दाखवणार आहे, आणि माझ्या गळ्याची तुम्हाला कल्पना आहेच.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी राणीसावरगावचा. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसा कोड लिहितो, रात्री गाणी. म्हणजे लिहायला बसतो. तुमचे मेसेज येतात ना, "दादा, सुचतच नाही, कुठलं ॲप वापरू?" त्याचं उत्तर आज देतो. पण आधी एका गाण्याची गोष्ट ऐका, कारण माझं सगळं डोकं त्या एका गाण्यानं सरळ केलं.

गावाकडं माझा शाळेतला मित्र आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडी भरायची, पोरगं काखेत, भांडीकुंडी मागं, आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. फडाच्या कडेला कोपी घालून राहायचं. ही कोपी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चटई आणि बांबूचं खोपटं, वाकून आत जावं लागतं. मागच्या वर्षी मावशी गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा ह्याचा फोन.

"काय करायलास?"

"काही नाही, बोल."

"आईवर एक गाणं लिही. भजनी मंडळ म्हणंल. तू लिहितोस ना?"

मी लगेच हो म्हटलं. आणि मग तीन आठवडे एक ओळ नाही.

रोज रात्री नोट्स उघडायचो. 'आई' असं शीर्षक टाकायचो. खाली तो कर्सर लुकलुक करतोय. एक ओळ लिहायचो, वाचायचो, पुसायचो. 'माया', 'छाया', 'पदर', 'सावली'. हे सगळं आधीच कुणीतरी लिहिलंय, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलंय. शेवटी एका रात्री, वर्षश्राद्धाला बारा दिवस राहिले असताना, मी एआयच्या एका ॲपमध्ये चार वाक्यं टाकली. कष्टाळू आई, ऊसतोड, मराठी, भजनाची चाल. मिनिटभरात गाणं तयार! गायलेलं, टाळ-मृदंगासकट. खरं सांगतो, ऐकायला वाईट नव्हतं. मी ते मित्राला पाठवलं. कशानं बनवलं ते सांगितलं नाही, हे इथं कबूल करतो.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "गाणं भारी आहे. पण ही माझी आई नाही रे."

आता चूक ॲपची नव्हती. त्याला मावशी माहीतच नव्हती. मलाही नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला पाहिलं होतं, तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, पण लिहायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मग मी मित्राला म्हटलं, तू लिहू नको काही, फक्त बोल. जसं आठवंल तसं व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाक. त्यानं टाकल्या. मोटारसायकल थांबवून, रानातून, रात्री गच्चीवरून. चौदा नोट्स. त्यातल्या नवव्या नोटमध्ये तो सहज बोलून गेला की आई झोपेत मोळ्या मोजायची. दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, त्यांचा हिशोब रात्री झोपेत चालू. हा लहान असताना त्याच आवाजावर झोपायचा.

गाणं तिथं होतं. माझ्या नोट्समध्ये नव्हतं, त्याच्या नवव्या नोटमध्ये होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. सुचत नाही म्हणतो तेव्हा बऱ्याचदा शब्द कमी नसतात, माल कमी असतो. आणि माल असला तरी आपण लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी करत असतो. कोड लिहिणारे समजतील, टाईप करता करताच प्रत्येक अक्षराला टेस्ट चालवली तर प्रोग्राम कधी पूर्ण होईल? मोबाईलचा खरा उपयोग ही दोन कामं वेगळी करायला होतो. आत्ता फक्त गोळा कर. निवड नंतर.

आणि हे काही नवीन नाही हो. आमचं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दळता-कांडता ती अभंग म्हणायची, आणि कथा अशी की विठ्ठल शेजारी बसून लिहून घ्यायचा. ज्ञानेश्वरांनी सांगितलं ते नेवाशात सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं, 1290 साली. म्हणजे बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. बोलणाऱ्याला पान दिसतच नव्हतं, तर कोरं पान बघून घाबरणार कसा? जनाबाईचा विठ्ठल म्हणजे पहिलं व्हॉइस टायपिंग, असं मी गमतीनं म्हणतो. वारकरी मंडळींनी रागावू नये.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉईतवें या दोघांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. 1 लाखाहून जास्त भरल्या! पुढे बर्नार्ड बेल नावाचे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे संशोधक त्यात आले, त्यांनी डेटाबेस उभा केला. आता त्या 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात. एकदा नक्की ऐका. हात जात्याच्या खुंट्याला, चाल ठरलेली, पहिला तुकडा बऱ्याचदा ठरलेला, पुढं आपलं दुःख जोडायचं. कुणी परीक्षक नाही, समोर फक्त दुसरी बाई. पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. हाताचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण ओवी सुचायची जागाही त्याबरोबर गेली.

तर आपलं जातं कुठलं? माझं म्हणाल तर भांडी घासणं आणि कात्रज ते स्वारगेट बस. फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर व्हॉइस रेकॉर्डर ठेवलाय. एका बोटात चालू झाला पाहिजे. तीन वेळा दाबावं लागलं की ओळ गेली. गुणगुणायचं, शब्द नसले तर 'ता ना ना' म्हणायचं. फक्त एक सवय लावा. रेकॉर्डिंग संपता संपता स्वतःच बोलायचं, "हे मावशीच्या गाण्याचं, दुसरं कडवं." माझ्या जुन्या फोनमध्ये दीड-दोनशे फाईल होत्या, सगळ्यांची नावं नुसते आकडे. कुठल्यात काय, देवाला माहीत. मग तो फोन पाण्यात पडला आणि बॅकअप नव्हता. सॉफ्टवेअर इंजिनिअर! हसा, हसा.

काही सुटे शब्द असतील तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवा, ती सोय आहे. नवीन ॲप शिकायची गरज नाही. मी सहा महिन्यांत अकरा ॲप टाकली आणि काढली, त्या काळात गाणी झाली दोन.

जीबोर्डवर मराठीत बोलून टाईप करता येतं, 2017 पासून. मी मित्राच्या व्हॉइस नोट ऐकत त्याची वाक्यं तशीच बोलून उतरवली. मजा बघा, मी 'कोपी' म्हटलं की फोन 'कॉपी' लिहितो. मावशी कॉपीत राहायची! पहिल्यांदा वैताग आला. मग लक्षात आलं, फोन जिथं चुकतोय तो शब्द जपून ठेवायचा. तो आपल्याकडचा आहे, म्हणून त्याला येत नाही. मी त्या शब्दांची वेगळी यादी केली. कोपी, मोळी, फड, उचल, वाढं. गाण्याचा निम्मा रंग त्या यादीतून आला.

आता यमक. इंग्रजीत त्यासाठी ॲपं आहेत, कारण तिथं स्पेलिंगवर भरवसा नाही. 'दो', 'थ्रू', 'टफ' या तिन्ही शब्दांच्या शेवटी इंग्रजीत तीच चार अक्षरं असतात. मराठीत बरंचसं जसं लिहितो तसं बोलतो, त्यामुळे काम सोपं. मी एक साधी शीट केली. एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात त्याचा शेवट, 'आर', 'ऊस', 'आळ' असा, आणि दुसऱ्या रकान्यावरून क्रम लावायचा. दार, चार, भार, गार सगळे शेजारी येऊन बसतात. पण कानानं तपासा. 'समाज' आणि 'आवाज' कागदावर जुळतात, तोंडात दोघांचा 'ज' वेगळा आहे.

मराठीत खरा सापळा दुसराच. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून यमक आपोआप जुळतं. गेली, आली, राहिली. माझी पहिली ओळ अशीच होती:

कोपीच्या त्या अंधारात रात्र सरून गेली,
माय माझी झोपेतसुद्धा मोळ्या मोजत राहिली.

चूक काही नाही, पण गुळगुळीत. क्रियापद उचलून मध्ये टाकलं आणि शेवटी नाम किंवा आकडा आणला, तर असं झालं. थांबा, गातो:

उसाच्या फडाकडं गं, कोपीला न्हाई दार,
झोपेत माय मोजी, मोळ्या शंभरावर चार.

बॅंडलॅबमध्ये मी फक्त ठेका लावला आणि वर हेच चार-पाच वेळा म्हटलं. त्यात शेकडो लूप आहेत, गिटार आहे, काय काय आहे. सुरुवातीला त्यात शिरू नका. एक रात्र ड्रमचा आवाज निवडण्यात जाते आणि वाटतं आपण गाणं केलं.

राहिली मुदत. गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1955 च्या रामनवमीला सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, अशी 56 गाणी. किस्सा सांगतात की पहिल्याच गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला आणि गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, तेही काही मिनिटांत. आपण गदिमा नाही, पण खोलीत बसवणारं कुणीतरी आपल्यालाही लागतं. माझ्यासाठी ते मित्रानं केलं. रोज रात्री नऊला त्याचा फक्त एक प्रश्नचिन्हाचा मेसेज. मी पंचवीस मिनिटांचा टायमर लावायचो, फोन एअरप्लेन मोडवर, आणि वाजेपर्यंत काही पुसायचं नाही.

एआयचं विचाराल तर आता मी त्याच्याकडून ओळी घेत नाही. माझं कडवं देतो आणि विचारतो, यात कुठला शब्द शंभर गाण्यांत येऊन गेलाय? ते बरोबर सांगतं. त्याला तेच तर सगळ्यात जास्त माहीत असतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री गाणं झालं. पाच कडवी पाठवली, मंडळानं चार म्हटली. चौथं बसत नव्हतं, त्यांनी न विचारता गाळलं, आणि बरोबर गाळलं. मित्राचे वडील कोपऱ्यात बसले होते. मोळ्यांच्या ओळीला त्यांनी मान वर केली, बाजूच्याला हळूच म्हणाले, "कधी कधी शंभराच्या आतच जाग यायची तिला."

आणि मंडळातल्या बाबांनी एक गोष्ट केली. मी 'झोपेत' लिहिलं होतं. त्यांनी गाताना 'झोपंत माय मोजी' म्हटलं, आमच्याकडं म्हणतात तसं. एक मात्रा बदलली आणि ओळ एकदम घरची झाली. मी परत येऊन फाईलमध्ये 'झोपंत' करायला गेलो, तर कीबोर्ड प्रत्येक वेळी खाली 'झोपेत' सुचवतोय. चार वेळा दुरुस्त केलं. आता तो शब्द त्या यादीत टाकलाय, 'कोपी'च्या खाली.

तुमच्या फोनला न येणारे असे शब्द असतील तर व्हॉइस नोट करून पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. पुढच्या भागात तेच वाजवू. चला, येतो.