हाक मारणारे कोणी हवे
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी निकालाच्या टक्केवारीविषयी बोलणार नाही. आपल्या गावातील बंद खिडक्यांच्या घरांविषयी चार शब्द बोलणार आहे.

शाळेच्या वाटेवर एका वृद्ध खालांचे चिरेबंदी घर आहे. दोन मुले आखातात, मुलगी मुंबईला. पैसा वेळेवर येतो, रोज रात्री फोनवर मुलांचे चेहरेही दिसतात. गेल्या पावसाळ्यात असाच फोन झाल्यावर त्या मागल्या पडवीत घसरून पडल्या आणि रात्रभर तशाच पडून राहिल्या. दारातील दुधाची पिशवी सकाळी कोणी उचलली नाही, हे शेजारच्या मुलीच्या ध्यानात आले म्हणून जीव वाचला. मी इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही रोज दारावरून जाता. कधी हाक मारली नाहीत." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

२०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्या माणसांची संख्या दहा कोटींच्या वर होती. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला, ही चांगलीच गोष्ट. परंतु कायदा निर्वाहखर्च मिळवून देईल. संध्याकाळची सोबत कोठून देणार?

केरळातही घराघरांतून माणसे आखातात गेली आहेत. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम सुरू झाले. केवळ डॉक्टरांच्या बळावर ते घरोघरी पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात शेजाऱ्यांनीच ते उचलले. आठवड्याला दोन तास देणाऱ्या सामान्य माणसाला शिकवून तयार करावयाचे, लहान लहान वर्गण्यांतून खर्च भागवावयाचा, अशी ती रीत. स्वयंसेवक रुग्णाजवळ बसतात, बोलतात, घरात शिधा आहे की नाही तेही पाहतात.

मग आपल्याला काय अशक्य आहे? प्रथम मोहल्लावार एकट्या वृद्धांची यादी करू. पालकांच्या संमतीने नववीच्या दोन-दोन विद्यार्थ्यांकडे एकेक घर सोपवू. आठवड्यातून दोनदा अर्धा तास जावे, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवावी, दूरच्या नातवाला निरोप पाठवून द्यावा. महिन्यातून एकदा शाळेचा एक वर्ग त्यांच्या बैठकीसाठी उघडू.

मात्र एक पथ्य पाळू या. कीव करावयास कोणी जाऊ नये, काहीतरी शिकावयास जावे. त्या खालांकडे आता आठवीच्या दोन मुली सांदणे शिकावयास जातात. तांदूळ किती भिजवावा यावरून खाला त्यांना चांगले दटावतात. घ्यावयास अनेक येत-जात. आपल्याजवळचे मागावयास कोणी आले, तेव्हा म्हातारे माणूस ताठ बसते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वाचकहो, हे भाषण आता स्मरणिकेत छापले जात आहे. आपण ती आखातात वाचत असाल, तर आईच्या शेजाऱ्याचा फोन नंबर आपल्याजवळ आहे का, एवढे पाहा. गावात वाचत असाल, तर पाने मिटा आणि जवळच्या बंद खिडकीखाली उभे राहून एक हाक मारा.