नवजात अर्भकाची कावीळ आणि औषधोपचार



तळवडे व चाकण परिसरात कामासाठी आलेली अनेक जोडपी भाड्याच्या खोल्यांत संसार करतात. प्रसूती आता रुग्णालयात होते, ही समाधानाची बाब होय. परंतु बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते आणि पूर्ण दिवसांच्या अर्भकाची कावीळ बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढते. साहजिकच पिवळेपणा प्रथम आईच्याच नजरेस पडतो. शेजारीण माळ घालावयास सांगते, कोणी औषधाच्या दुकानाकडे बोट दाखविते.

पूर्ण दिवसांच्या शंभर अर्भकांपैकी सुमारे ६० अर्भकांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. तांबड्या रक्तपेशी फुटून पित्तरंजक तयार होते व ते बाहेर टाकण्याचे काम कोवळ्या यकृतास लगेच झेपत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. मात्र पित्तरंजक फार वाढल्यास ते मेंदूत शिरते आणि बहिरेपणा किंवा हातापायांचे कायमचे अपंगत्व मागे ठेवते.

यावर औषध नाही काय? फेफऱ्यावर दिले जाणारे फिनोबार्बिटोन यकृताच्या कार्यास चालना देते, हे खरे. परंतु त्याचा गुण येण्यास काही दिवस लागतात व बाळ गुंगीत राहून दूध ओढत नाही. म्हणून ते सरसकट दिले जात नाही. मोठ्या माणसांची काविळीची औषधे तर येथे निरुपयोगीच. उलट काही औषधे घातक ठरतात. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंतुसंसर्ग टळावा म्हणून सल्फा दिलेली अपुऱ्या दिवसांची अर्भके अधिक संख्येने दगावल्याचे आढळले. सल्फामुळे पित्तरंजक रक्तातील प्रथिनापासून सुटे होऊन मेंदूकडे वळले होते.

खरा उपाय सापडला तो त्याच वर्षी, इंग्लंडमधील रॉचफोर्ड रुग्णालयात. तेथील परिचारिका सिस्टर वॉर्ड अर्भकांना अंगणातील उन्हात नेत असत. एका बाळाचे सारे अंग उजळले. चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला. डॉक्टर क्रेमर व सहकाऱ्यांनी त्यावर संशोधन करून १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज निळ्या प्रकाशाचे दिवे वापरतात. त्या प्रकाशाने पित्तरंजकाची घडण बदलते व ते यकृताची वाट न पाहता शरीराबाहेर पडते. घराच्या उंबऱ्यावरील कोवळे ऊन हा त्याला पर्याय नव्हे. दिव्यांनी भागले नाही तर रक्तबदल करावा लागतो.

एक औषध मात्र निःसंशय मोलाचे आहे आणि ते बाळाला नव्हे, आईला द्यावयाचे असते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. पुढील अर्भकाची गंभीर कावीळ त्यामुळे टळते. १९६८ पासून ते उपलब्ध आहे. रक्तगट ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय?

घरी करण्याजोगे बरेच आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे. ग्लुकोजचे पाणी देऊ नये. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण काही बाळांच्या रक्तपेशी त्यांच्या वाफेने फुटतात. आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येते, तेव्हा बाळ तिला उजेडात दाखवावे. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडले किंवा दूध पिईनासे झाले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीतच आहे. शासकीय आरोग्य संस्थांत आजारी अर्भकावरील उपचार २०११ पासून विनामूल्य आहेत.

कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याचा संभव असतो. त्यावरील शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.