पाण्याची परीक्षा

मोहर्लीच्या अरण्यालगत ईरई धरणाचा जलाशय पसरलेला आहे. ताडोब्याचीं वन्य जनावरें ज्याच्या कांठीं तहान भागवितात, त्याच जलाशयाचें पाणी चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत्-केंद्रास पुरविलें जातें. २९२० मेगावॅट शक्तीच्या या केंद्रांत तें शुद्ध होऊन बॉयलरांत शिरतें आणि वाफ होऊन चक्रें फिरवितें. अशा केंद्रांत, त्याचप्रमाणें दूधशाळांत व औषधांच्या कारखान्यांत, जेथें उष्णता फार किंवा शुद्धता काटेकोर, तेथें स्टेनलेस स्टीलचे नळ वापरतात. नळ निर्दोष असला तरी जागेवर तो तुकड्यातुकड्यांनीं वेल्डिंग करून जोडावा लागतो. बाहेरून रेखीव दिसणारा सांधा आंतून पोकळ असूं शकतो. मग त्याची ग्वाही कोणी द्यावी?

ती ग्वाही पाणी देतें. नळांत खालच्या टोकाकडून पाणी भरीत जातात व वरच्या टोकाची तोटी उघडी ठेवून आंतली हवा सारी बाहेर काढतात. नंतर पंपानें दाब हळूहळू चढवीत, नळ ज्या दाबासाठीं योजिला असेल त्याच्या साधारण दीडपटीपर्यंत नेतात, आणि निदान दहा मिनिटें तो टिकवून प्रत्येक सांधा निरखतात. त्या वेळीं सांध्यावर रंग वा आवरण असतां कामा नये. झांकलेला सांधा खरें बोलत नाहीं.

हवा भरून हें काम लवकर उरकेल, असें कोणास वाटेल. परंतु दहापट दाबाखालीं हवा आकसून दहाव्या हिश्श्यावर येते. पाणी मात्र सुमारें दोन हजारांत एक भाग एवढेंच आकसतें. म्हणून पाण्याचा नळ फुटला तर दाब तत्काळ ओसरतो; हवेचा फुटला तर दडपलेली शक्ति स्फोटासारखी उसळते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. हवेची परीक्षा करावीच लागली, तर दाब फार मर्यादित ठेवतात व माणसें दूर उभीं करतात. अत्यंत सूक्ष्म गळतीसाठीं मग अल्प दाबावर सांध्यास साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहतात, किंवा हेलियम वायु भरून तो यंत्रानें हुडकतात.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत आणखी एक सावधगिरी लागते. पाण्यानें तुडुंब भरलेला बंद नळ उन्हांत तापला, तर पंप थांबला असतांही दाब आपोआप चढतो. संध्याकाळीं निवला, तर गळती नसतांही कांटा उतरतो. म्हणून दाबमापकाबरोबर उष्णतामापकही वाचावा लागतो आणि जादा दाब सोडणारी झडप जोडावी लागते.

पण खरा धोका परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सुरू होतो. या पोलादांतील क्रोमियमचा अतिसूक्ष्म पापुद्रा त्याचें गंजापासून रक्षण करतो. पाण्यांतील क्लोराइड, म्हणजे मिठांतलाच एक घटक, त्या पापुद्र्यास भोंक पाडतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें सांध्यालगतचा भाग आधींच नाजूक झालेला असतो. विहिरीचें खारट पाणी भरून परीक्षा घेतली आणि उतारावरचे खोलगे तसेच भरलेले ठेवले, तर पाणी आटत जाऊन क्षार दाट होतात, जंतूही वाढतात. आणि त्या दिवशीं न गळलेला नळ पुढें सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांनीं गळूं लागतो. यास्तव दहा लाख भागांत पन्नास भागांहून अधिक क्लोराइड नसलेलें पाणी घ्यावें, अशी मर्यादा पुष्कळ ठिकाणीं पाळतात. परीक्षा संपतांच नळ रिता करून कोरड्या हवेनें सुकवितात.

दाबमापकाचा कांटा स्थिर राहिला, एवढ्यानें काम पुरें होत नाहीं. कोणतें पाणी भरलें आणि तें केव्हां काढलें, याची नोंद दाबाच्या आंकड्याइतकीच मोलाची आहे. सांध्याची परीक्षा पाणी घेतें. पाण्याची परीक्षा मात्र माणसानेंच आधीं घ्यावयाची असते.