व्हायोलिन शिकणारें मूल आणि त्याचें घर

संध्याकाळची सातची वेळ. मोशीच्या एखाद्या उंच इमारतींत आठव्या मजल्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मांडी घालून बसते, व्हायोलिनचें टोंक उजव्या पायाच्या घोट्याशीं टेकविते आणि तारेवरून गज ओढते. जो ध्वनि निघतो त्यास स्वर म्हणणें तिच्या आजीच्याही जिवावर येतें. भिंतीपलीकडे, चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीस जाण्यापूर्वीं घटकाभर आडवा झालेला शेजारी कूस बदलतो. "आणखी किती वेळ चालणार आहे हें?" असें वडील सहज विचारतात. त्यांच्या मनांत कांहीं वाईट नसतें. पण मुलीच्या कानीं तो प्रश्न निकालासारखा पडतो. अशा पंधरा-वीस संध्याकाळी गेल्या कीं पेटी कपाटावर चढते, आणि "आमच्या मुलीला त्याची आवड नव्हती" असें पुढें पाहुण्यांना सांगण्यांत येतें.

आवड होती. मुलीचा हात थकण्यापूर्वींच घराचा कान थकला, एवढाच त्याचा अर्थ. व्हायोलिन शिकूं लागलेल्या मुलांच्या उत्तेजनाचा विचार करावयाचा तर तो या कानापासूनच सुरू केला पाहिजे.

हें वाद्य आरंभीं इतकें कर्कश कां वाजतें, याचें कारण घरांतल्या मंडळींस ठाऊक असलें तर निम्मा त्रास कमी होईल. हार्मोनियमची पट्टी दाबली कीं लहान मुलाच्या बोटाखालींही षड्ज बरोबर उमटतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला चार तारा आणि त्यांच्या खालीं गुळगुळीत काळी पट्टी. स्वर कोठें आहे हें दाखविणारी खूण तिच्यावर नसते. बोट केसभर इकडेतिकडे सरकलें कीं गांधार गांधार राहत नाहीं. ही डाव्या हाताची अडचण. उजव्या हाताची त्याहून बिकट. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात व त्यांना राळ घांसलेली असते. हे केस तारेला क्षणभर धरतात व सोडतात. ही धरसोड सेकंदांत शेंकडों वेळां नियमानें झाली म्हणजे स्वर निघतो; नियम चुकला म्हणजे खरखर निघते. गजाचा दाब, त्याची गति आणि घोडीपासूनचें त्याचें अंतर हीं तिन्ही एकाच वेळीं सांभाळण्यास मनगटाला महिनेच्या महिने लागतात. तेव्हां त्या खरखरीवरून मुलाच्या बुद्धीचें माप काढूं नये. बोलूं लागलेल्या मुलाच्या बोबड्या शब्दांसारखी ती एक अवस्था आहे, आणि मोठमोठ्या वादकांच्या घरांनींही ती ऐकलेली आहे.

ज्या उणिवेमुळें हें वाद्य अवघड झालें, तिच्यामुळेंच तें गळ्याच्या जवळचें आहे. पडदे नसल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड जातां येतें, आणि मींड तर आपल्या गाण्याचा प्राण. म्हणूनच युरोपांतून आलेल्या या वाद्यास आपल्या रागसंगीतानें परकें मानलें नाहीं. दक्षिणेंत मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधु बाळुस्वामी दीक्षित (१७८६–१८५९) यांनीं तें कर्नाटक संगीतांत आणलें. महाराष्ट्रांत गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांनीं गायकाचा गळा आणि वादकाचा हात दोन्ही सारख्याच योग्यतेनें चालविले. पुढें विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) आणि दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या हातीं हें वाद्य देशभरच्या मैफलींत मानानें बसलें.

पण मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे ती प्रभाकर जोग यांची. त्यांचा जन्म १९३२ सालचा, तेव्हांच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतला. वयाच्या बाराव्या वर्षीं वडिलांचें छत्र हरपलें. घरास हातभार लावण्यासाठीं हा मुलगा पुण्याच्या वाड्यावाड्यांतून व्हायोलिन वाजवूं लागला. बिदागी सव्वा रुपया आणि एक नारळ. गजाननराव जोशी व नारायणराव मारुलकर यांच्यापाशीं त्यांचें शिक्षण झालें. पुढें १९५५-५६ मध्यें पुणें आकाशवाणीवरून ५६ गीतांचें गीतरामायण घरोघर ऐकलें जाऊं लागलें; सुधीर फडके यांच्या त्या संगीतास जोगांच्या व्हायोलिनची साथ होती. वाद्यांतून गीताचा शब्दही ऐकूं यावा अशा त्यांच्या वादनामुळें "गाणारें व्हायोलिन" हें नांव त्यांच्याशीं कायमचें जोडलें गेलें. २०२१ सालीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें.

या गोष्टींतील दारिद्र्य कोणत्याही मुलाच्या वाट्यास येऊं नये. तरी तिच्यांत एक गोष्ट हेवा करण्यासारखी आहे. सव्वा रुपया आणि नारळ यांच्याबरोबर त्या वाड्यांनीं एका बारा वर्षांच्या मुलास समोर बसून ऐकणारीं माणसें दिलीं. आजच्या मुलापाशीं वाद्य असतें, शिक्षक असतात, हव्या त्या कलावंताचें ध्वनिमुद्रण क्षणांत कानीं पडतें. उणीव असते ती त्याचें स्वतःचें वाजविणें ऐकावयास बसणाऱ्या माणसाची.

प्रत्येक मूल प्रभाकर जोग होणार नाहीं, आणि व्हावें अशी अपेक्षाही नको. मग या खटाटोपाचा लाभ काय? संगीतानें गणिताचे गुण वाढतात असें पुष्कळदां सांगतात. परंतु तें निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं, आणि तेवढ्या लोभानें मुलाच्या हातीं वाद्य देणेंही बरें नव्हे. शास्त्रज्ञांना दिसून आलें आहे तें निराळें. १९९५ सालीं जर्मनींतील थोमास एल्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीं तंतुवाद्यें वाजविणाऱ्यांचे मेंदू तपासले. डाव्या हाताच्या बोटांची संवेदना जाणणारा भाग त्यांच्यांत इतरांहून विस्तृत आढळला, आणि ज्यांनीं लहानपणीं आरंभ केला होता त्यांच्यांत हा फरक अधिक होता. तपासलेले वादक नऊच होते, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. तथापि रोजच्या सरावाचा ठसा शरीरावर किती खोल उमटतो याची कल्पना त्यावरून येते.

याहूनही मोलाचा लाभ कोणत्याही यंत्रावांचून दिसतो. शाळेंत मुलाची चूक दुसरें कोणी तरी लाल शाईनें दाखवितें. व्हायोलिनवर ती त्याचा स्वतःचा कान दाखवितो, आणि पुढच्याच क्षणीं त्याचें स्वतःचें बोट ती सुधारतें. न लाजतां चूक ओळखावी, न चिडतां ती दुरुस्त करावी, आणि उद्यां पुन्हां तीच चूक झाली तरी वाद्य खालीं ठेवूं नये, ही संवय दहाव्या वर्षीं लागली तर ती चाळिसाव्या वर्षींही उपयोगी पडते. मग तो माणूस कारखान्यांत असो, इस्पितळांत असो किंवा न्यायालयांत असो.

जपानांत शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) हे व्हायोलिनच्या कारखानदाराचे पुत्र. त्यांनीं एका साध्या गोष्टीवर आपली शिक्षणपद्धति उभारली: प्रत्येक मूल आपली मातृभाषा बिनचूक शिकतें. तें कसें? रोज ऐकून, रोज बोलून, आणि चुकलें तरी कौतुक करणाऱ्या माणसांत राहून. मग व्हायोलिन तसेंच कां शिकवूं नये? त्यांच्या पद्धतींत मुलाबरोबर आई किंवा वडीलही शिकवणीस बसतात. आपल्याकडे एन्. राजम् यांच्या घरांत हेंच निराळ्या रीतीनें दिसतें. त्यांनीं वडिलांपाशीं आरंभ केला. त्यांची कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही व्हायोलिनच वाजवितात. ज्या घरांत वाद्य भाषेसारखें वावरतें, तेथें तें पिढ्यानुपिढ्या बोलतें.

मोशीकरांस यांत नवल वाटावयास नको. देहू आणि आळंदी यांच्यामध्यें इंद्रायणीच्या कांठीं वसलेलें हें गांव. वारकऱ्यांच्या भजनांत लहान मूल मोठ्यांच्या मांडीशीं बसून टाळ धरतें. त्याचा ताल चुकतो. तरी त्याच्या हातांतला टाळ कोणी काढून घेत नाहीं. सर्वांच्या ठेक्यांत त्याचा ठेका हळूहळू मिसळून जातो. आज त्या गांवाभोंवतीं भोसरी-चाकणच्या कारखान्यांमुळें गांवोगांवचीं कुटुंबें येऊन राहिलीं आहेत. भजनाच्या त्या मेळ्यांतील धीर त्यांच्या सदनिकांत आला, म्हणजे व्हायोलिन शिकणाऱ्या मुलास निराळ्या उत्तेजनाची गरज उरणार नाहीं.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी मात्र पाळाव्या. मुलाच्या हाताहून मोठें वाद्य "पुढें उपयोगी पडेल" म्हणून घेऊं नये. पाव, अर्धें, पाऊण अशा मापांचीं व्हायोलिनें याचसाठीं असतात. तारा षड्ज-पंचमांत नीट मिळविल्यावांचून सरावास बसवूं नये, कारण बेसूर तारांवर बसलेला कान पुढें सुधारणें कठीण. रविवारीं दोन तास घासण्यापेक्षां रोज वीस मिनिटें बरीं. शेजाऱ्याची झोंपमोड होत असेल तर घोडीवर बसविण्याचा रबरी म्यूट मिळतो. त्यानें आवाज पुष्कळ दबतो. शिवाय सरावाची वेळ शेजाऱ्यास विचारून ठरविली तर तक्रार करणारा गृहस्थच एखादे दिवशीं श्रोता होऊन येईल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा या वाद्यासाठींही आहेत आणि त्यांमुळें अभ्यासास वळण लागतें. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्रासाठीं रोजच्या सरावांतला आनंद गमावूं नये.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घरांतल्या एका वडील माणसानें रोज पांच मिनिटें मुलासमोर हातांत दुसरें कांहीं न घेतां बसावें. त्याला रागाचें ज्ञान असण्याची जरुरी नाहीं. पांच-सहा महिन्यांनीं एके संध्याकाळीं तोच गज, त्याच तारा, आणि एकाएकीं एक षड्ज स्वच्छ, लांब, न थरथरतां निघतो. एकच स्वर, पण तो निघाल्याचें मुलीस सर्वांआधीं कळतें आणि ती मान वर करून पाहते. त्या वेळीं समोर कोणी बसलेलें असलें पाहिजे.