मूल्ये : उच्चार आणि आचार

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरातील ठिकाणी १७ सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा सिद्ध केला. 'अजाइल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यपद्धतीचा तो पाया होय. जाडजूड कागदपत्रांहून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि ठरीव प्रक्रियेहून माणसांच्या परस्परसंवादाला त्यात अधिक मोल दिलेले आहे. त्यापूर्वीच, १९९९ मध्ये, केंट बेक यांनी आपल्या ग्रंथात संवाद, साधेपणा, प्रत्याभरण आणि धैर्य ही चार मूल्ये सांगितली होती. पुढे २००४ च्या आवृत्तीत त्यांना आदराची जोड मिळाली. 'स्क्रम' या पद्धतीच्या मार्गदर्शिकेतही २०१६ मध्ये पाच मूल्यांचा समावेश झाला.

मूल्यांची यादी करणे कठीण नाही. ती सुबक अक्षरांत छापून कचेरीच्या भिंतीवर लावणे तर त्याहून सोपे. अडचण येते ती पुढे. 'धैर्य' या शब्दावर कोणाचाच आक्षेप नसतो. परंतु काम ग्राहकाच्या हाती द्यावयाच्या आदल्या सायंकाळी ज्याला आपल्याच कामात दोष आढळतो, त्याने नेमके काय करावे, हे तो शब्द सांगत नाही. बेक यांनी म्हणूनच मूल्य आणि आचार यांची सांगड घातली. आचारावाचून मूल्य पोकळ राहते. मूल्यावाचून आचार म्हणजे निव्वळ कर्मकांड. स्क्रममधील रोजची १५ मिनिटांची बैठक सहकाऱ्यांनी मिळून दिवसाचे काम आखण्यासाठी असते. ती वरिष्ठापुढील हजेरी झाली, की बैठक उरते आणि संवाद नाहीसा होतो.

मूल्य आचारात कसे उतरवावे, याचा एक चांगला नमुना जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अंदाजाच्या पद्धतीत सापडतो. एखाद्या कामाला किती श्रम लागतील, याचा आकडा प्रत्येक जण पत्त्यावर निवडतो आणि सर्व पत्ते एकाच वेळी उघडले जातात. ज्येष्ठाचा आकडा आधी कानी पडला, तर नवखा तरुण आपला आकडा गिळून टाकतो. जेथे वरिष्ठाला 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे वाटते, तेथे 'होईल, साहेब' हे उत्तर फार सहज येते, आणि त्या उत्तराची किंमत पुढे रात्रीच्या जागरणांत मोजावी लागते. पत्त्यांच्या या साध्या युक्तीने धैर्याचे ओझे एकट्याच्या खांद्यावरून उतरते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा देणारे आपापली कारणे सांगतात, आणि कोणाच्याही ध्यानी न आलेली अडचण पुष्कळदा तेथेच उघडी पडते.

टोयोटाच्या मोटार कारखान्यांतही अशीच एक प्रथा रूढ झाली. दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून मदतीस बोलावू शकतो, आणि दोष वेळेत दूर झाला नाही तर जुळणीचे काम थांबते. परंतु दोरी ओढणाऱ्याला त्याबद्दल एकदा जरी बोलणी बसली, तरी पुन्हा कोणाचा हात तिच्याकडे जाणार नाही. सॉफ्टवेअरच्या संघातही पहिला प्रश्न 'कोणी केले?' हा असेल, तर मोकळेपणाची सर्व प्रवचने वाया जातात. 'कसे घडले, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे?' असे विचारले गेले, तर दोष लपविण्याचे कारणच उरत नाही.

यासाठी संघाने एका वेळी एकच मूल्य घ्यावे, कोणत्या प्रसंगी कोणी काय करावयाचे हे साध्या वाक्यात ठरवावे, आणि दोन आठवड्यांनी तसे घडले की नाही याची प्रांजळ तपासणी करावी. ठरविलेले पाळता आले नसेल, तर माणसांना बोल लावण्यापूर्वी अडथळा शोधावा. मुदत जवळ येते, ग्राहक उतावीळ होतो, अशाच दिवशी मूल्याची खरी कसोटी लागते. त्या दिवशी संघातील सर्वांत कनिष्ठ माणूस 'हे काम अजून पुरे झालेले नाही' असे निर्भयपणे म्हणू शकला आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, तर ते मूल्य त्या संघाचे झाले असे खुशाल समजावे.